जुन्या गाडीचे ब्रेक: कुणाचं ऐकायचं?



सालमियाहून एका ताईंचा निरोप आलाय. त्यांच्या यजमानांनी ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून जुनी मर्सिडीज घेतली. डब्ल्यू १२३ म्हणतात त्यातली, १९८२ची, २३० ई. सहकारी निवृत्त होऊन कायमचा केरळला निघाला, म्हणून स्वस्तात दिली. इंजिन उत्तम, ब्रेकचं पॅडल मात्र मऊ लागतंय. यजमान म्हणतात, यंदाच्या थंडीत मी स्वतःच करतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतात. ताई विचारतात, "दादा, यांना थांबवू का मदत करू? मागच्या सीटवर माझी दोन मुलं बसणार आहेत."

ताई, मदत करा. पण दोघांनीही आधी हे ऐका, आणि पाना त्यानंतर हातात घ्या.

गाडीतली इतर कामं आणि ब्रेकचं काम यात एक फरक आहे. कार्बोरेटर चुकीचा लावला तर गाडी सुरूच होत नाही. चार जण जमतात, हसतात, धक्का मारतात, विषय संपला. ब्रेक चुकीचा लावला तर गाडी झकास सुरू होते, झकास पळते. चूक कळते ती ज्या क्षणी थांबायचं असतं त्या क्षणी. म्हणून इथे "कसं करायचं" याच्या आधी "कुणाच्या सांगण्यावरून करायचं" हा प्रश्न येतो.

काही जण म्हणतात, कुवेतमध्ये घाट कुठे आहे? सगळा सपाट रस्ता. बोरघाट उतरताना ट्रकच्या ब्रेकचा तो जळका वास आपण सगळ्यांनी घेतलाय, तसं इथे काही नाही. खरं आहे. पण थोडा हिशेब करा. माणसांसकट गाडी दीड टन धरा. ताशी १२०च्या वेगावरून ती एकदा पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यात अडीच लिटर थंड पाणी उकळेल. एका थांबण्यात! वेग ६० असेल तर त्याच्या चौथा हिस्सा. सिक्स्थ रिंग रोडवर सकाळी पुढची रांग अचानक थांबते तेव्हा हे अडीच लिटर तुमच्या चार चाकांत जातं. बाहेरचं तापमान कमी असतं असंही नाही. २१ जुलै २०१६ला आपल्याच मित्रिबाला ५३.९ अंश नोंदले गेले.

आता कामाकडे. मार्गदर्शन शोधायला निघण्याआधी दुखणं नीट सांगता आलं पाहिजे. "ब्रेक बरोबर नाही" असं सांगितलं तर गॅरेजवाला चार चाकांचं सगळं बदलून देईल आणि दुखणं तसंच राहील. काहीही न उघडता तीन-चार गोष्टी घरच्या घरी बघता येतात. पॅडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर कडक होतं का? होत असेल तर नळ्यांत हवा असण्याची शक्यता जास्त. पाय एकसारखा दाबून धरला आणि पॅडल हळूहळू खाली बसत गेलं, बाहेर कुठे गळतीही दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं असू शकतं. ही दोन दुखणी वेगळी, त्यांचे इलाजही वेगळे. हवा काढून मास्टर सिलिंडर सुधारत नाही.

तिसरं, बूस्टर. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा मारा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी तपासायची. चौथं, गाडी एका बाजूला ओढते का? आणि पंधरा मिनिटं चालवून आल्यावर एखादंच चाक जास्त तापलेलं असतं का? जुन्या रबरी नळीची एक गंमत आहे, गंमत कसली, खोडच. ती बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून फुगून बंद होत आलेली असते. पायाचा जोर मोठा, त्यामुळे दाब पुढे जातो, पण पाय काढल्यावर परत येत नाही. चाक धरून राहतं. मग लोक कॅलिपर बदलतात आणि नळी तशीच ठेवतात. हे सगळं एका वहीत लिहून काढा. तारखेसकट.

वही झाली की पुस्तक. इथे एक गोष्ट सांगतो, आपल्याच द्वीपकल्पातली आहे म्हणून. जॉन हेन्स नावाचा इंग्रज १९६५मध्ये रॉयल एअर फोर्सच्या नोकरीवर एडनला होता. त्याच्या एका सहकाऱ्याने ऑस्टिन-हिली स्प्राइट नावाची छोटी स्पोर्ट्स गाडी घेतली, अगदी खिळखिळी झालेली. दोघं ती पुन्हा उभी करायला बसले. कंपनीचं पुस्तक होतं, पण ते कंपनीच्या कारागिरासाठी लिहिलेलं. ज्याला आधीच सगळं येतं त्याच्यासाठी. हेन्सने कॅमेरा आणला आणि गाडी उघडताना, जोडताना पायरी-पायरीने फोटो काढले. त्यातून १९६६मध्ये त्याचं पहिलं दुरुस्ती-पुस्तक निघालं. ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. नंतर जगभर ज्यांना आपण हेन्स मॅन्युअल म्हणतो ती सगळी या एडनच्या उन्हातल्या खटाटोपातून आलेली. नोकरीसाठी घर सोडून या द्वीपकल्पात आलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी केलेलं काम. आपल्याला हे काही अनोळखी नाही.

तर असं पुस्तक मिळवा. मिळालं की आधी त्याचं कव्हर वाचा, आत नंतर शिरा. हेन्सने १२३ मालिकेतल्या डिझेल गाड्यांचं पुस्तक वेगळं काढलं आणि सहा सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांचं वेगळं. बाहेरून गाड्या साधारण सारख्याच दिसतात. म्हणून चॅसी नंबर बघा. त्यात १२३ आणि पुढे तीन आकडे असतात. १२३.२२३ म्हणजे २३० ई, १२३.०३३ म्हणजे २८० ई, १२३.१२३ म्हणजे २४० डी. हे सहा आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. पुस्तक असो, व्हिडिओ असो, दुकानदार असो, आधी हे आकडे जुळतात का ते बघायचं. न जुळणारं मार्गदर्शन चुकीचं असतं असं नाही, ते दुसऱ्याच्या गाडीसाठी बरोबर असतं.

आणखी एक अडचण आपल्याला इथेच येते. इंग्लंडमध्ये छापलेलं पुस्तक किंवा आपल्याकडचा अनुभवी मेकॅनिक उजव्या स्टिअरिंगचा विचार करून बोलतो. कुवेतमधली गाडी डाव्या स्टिअरिंगची. हवा काढताना साधारण रीत अशी, की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. मुंबईत शिकलेला माणूस सवयीने मागच्या डाव्या चाकाकडे जाईल. इथे सर्वांत लांबचं चाक मागचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळायचा, पण तो क्रम कोणत्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी आहे ते वाचून.

मापांचंही तसंच. जुन्या पुस्तकांत बोल्ट किती आवळायचा ते कधी किलोग्रॅम-मीटरमध्ये असतं, कधी पाउंड-फूटमध्ये, आणि शुवैखमध्ये घेतलेल्या टॉर्क पान्यावर न्यूटन-मीटर. १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९८ न्यूटन-मीटर, म्हणजेच साधारण ७२ पाउंड-फूट. आकडा लिहिताना एकक न लिहिणाऱ्याच्या सांगण्यावरून कॅलिपरचा बोल्ट आवळू नये.

आता पुस्तकालाही जे ठाऊक नसतं ते. १९९०च्या आधीची गाडी कुवेतमध्ये आज उभी आहे याचा अर्थ ती त्या ऑगस्टमधून गेली आहे. गाड्या पळवल्या गेल्या, मालक रातोरात निघून गेले, आपलेच पावणेदोन लाखांच्या आसपास लोक विमानांनी परत आणले गेले. त्या धामधुमीत गाडीची सर्व्हिस बुकं कोण सांभाळणार? त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत तिच्यावर किती हात पडले आणि कुणी कुठल्या गाडीचा भाग काढून हिला लावला, याची नोंद दफ्तरात नसते. म्हणून कंपनीतून काय निघालं होतं ते कागद सांगतो, आज काय बसवलेलं आहे ते फक्त गाडी सांगते.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण तुमच्याच गाडीत आहे. १२३ला कंपनीनेच एकापेक्षा जास्त बनावटीचे कॅलिपर लावले होते, काहींना एटीई, म्हणजे जर्मनीच्या आल्फ्रेड टेवेसचे, काहींना बेंडिक्सचे. दोघांचे पॅड वेगळे. "१९८२ची २३० ई, पुढचे पॅड द्या" एवढ्यावर दुकानदार तुम्हाला एक डबा देईल, आणि तो बसेलच असं नाही. चाक काढा, कॅलिपर ब्रशने साफ करा, लोखंडावर ओतलेली अक्षरं वाचा, फोटो काढा. चारही चाकांचा. उजवीकडे एक आणि डावीकडे दुसरंच निघालं तर आश्चर्य मानू नका.

मग माणूस. शुवैखच्या इंडस्ट्रियल भागात गल्लोगल्ली गॅरेज आहेत आणि भाषेची अडचण जवळजवळ नाही, हिंदी-उर्दूवर निभावतं. पॅडला तिथे 'सफायिफ' म्हणतात, एवढा शब्द ठेवा. पण या गाड्या रोज हाताळलेला माणूस शोधावा लागतो, कारण तो घरी निघून जातो. इथली विद्या व्हिसावर असते. ज्याने १९८५ साली नवी १२३ उघडली तो आज त्याच्या गावी नातवंडं खेळवत असेल. मुंबईतही हेच होतंय, वेगळ्या कारणाने. पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर कुर्ला असो की ताडदेव, कुठल्याही कोपऱ्यावरचा माणूस डोळे मिटून तिचे चारही ड्रम उघडायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. गाड्या गेल्या की हातही दुसऱ्या कामाला लागतात. म्हणून असा जुना हात भेटला तर चहा पाजा, विचारा, आणि तो सांगेल ते वहीत लिहा. शुवैखलाच जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे. एखाद्या सुट्टीला मुलांना घेऊन जा. अशा ठिकाणी येणाऱ्यांत जुनी गाडी बाळगणारा कुणीतरी निघतोच, आणि त्याचा मेकॅनिक कोण ते तो सांगतो.

जुन्या हाताचा मान ठेवायचा, पण तीन बाबतीत त्याचंही ऐकायचं नाही.

रबराचे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत. आपल्याकडे गॅरेजमध्ये ताटलीत पेट्रोल घेऊन सगळंच धुतात. ब्रेकचं रबर त्यात फुगतं. फुगलेलं रबर पहिल्या दिवशी छान घट्ट वाटतं, मग अडकतं. स्पिरिट वापरा, आणि जोडताना ताजं ब्रेक ऑइल लावा.

ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये आणि पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. जुन्या दुकानात धूळ खात पडलेला 'ओरिजिनल' डबा मिळाला म्हणून खूश होतात, त्यातही असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मुलांना लांब ठेवा. आणि त्याच दुकानातली न वापरलेली रबरी नळी घेऊ नका. चाळीस वर्षं कपाटात राहिलेलं रबरही चाळीस वर्षांचंच असतं.

तिसरं, ब्रेक ऑइल. नावानेच घोटाळा केलाय. आपण 'ऑइल' म्हणतो, इथे 'जेत' म्हणतात, अर्थ तोच, तेल. प्रत्यक्षात नेहमीच्या ब्रेकमधलं ते द्रव्य तेल नव्हेच. ते ग्लायकॉलच्या जातीचं आहे. पातळी कमी दिसली म्हणून कुणी सद्भावनेने त्यात स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल ओतलं, तर सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चारही कॅलिपरपर्यंत सगळं उघडावं लागतं. फक्त ऑइल बदलून भागत नाही.

हे ग्लायकॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्राकडून दमट हवा येते तेव्हा चष्म्यावर धुकं येतं ना, तीच हवा. कोरडं असताना डॉट ४चं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्याचं प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेलं की ही हमी १५५वर येते. डॉट ३ची २०५वरून १४०वर. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ जमिनीला टेकतो. वर सांगितलेले ते अडीच लिटर इथे येऊन भेटतात. म्हणून तुमच्या गाडीला डॉट ४, सीलबंद डब्यातलं, आणि दोन वर्षांत एकदा तरी पूर्ण बदल. उघडा डबा पुढच्या वर्षीसाठी ठेवायचा नाही. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच, ते चालतं. हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायला हवं होतं!

जागा. बिल्डिंगखाली काम काढलं तर हारिस ओरडणार, त्याचंही बरोबर आहे. हे ऑइल रंग खातं, शेजारच्या गाडीवर उडालं तर भांडण. सांडलं की लगेच भरपूर पाणी. मोकळ्या वाळूच्या जागेत जॅक खचतो आणि उन्हाळ्यात डांबरही मऊ होतं, म्हणून खाली जाड फळी. जॅकवर गाडी ठेवून कधीच खाली हात घालू नका. मजबूत स्टँड, चाकाला अडणी, आणि जवळ दुसरं माणूस हवंच.

ते दुसरं माणूस म्हणजे ताई, तुम्ही. हवा काढताना पॅडलवर तुमचा पाय आणि निपलवर त्यांचा पाना. तुम्ही दाबलं की मोठ्याने म्हणायचं "दाबलं". ते निपल सोडतील, पारदर्शक नळीतून बाटलीत ऑइल येईल, बुडबुडे येतील. ते निपल बंद करून "बंद" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. आधी उचलला तर काढलेली हवा परत आत. वरची टाकी दर पाच-सहा दाबांनी बघायची, रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात.

आणि एक बारीक गोष्ट, जी व्हिडिओत क्वचित दाखवतात. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पाय पार तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा रोजच्या वापरात न येणारा भाग गंजलेला असतो. पॅडल तळाला नेलं की रबर त्या गंजावर घासतं, आणि कालपर्यंत बरं असलेलं मास्टर सिलिंडर उद्यापासून गळायला लागतं. निपल फिरत नसेल तर जोर करून तोडू नका. तिथे काम थांबवून अनुभवी हाताकडे द्या. मास्टर सिलिंडर उघडायचं असेल, लोखंडी नळी नवी बनवायची असेल, तर पहिल्या खेपेला तेही बाहेरच द्या. पॅड बदलणं आणि ऑइल बदलणं मात्र, वही आणि पुस्तक आणि कॅलिपरवरची अक्षरं तिन्ही जुळत असतील तर, घरी होण्यासारखं काम आहे. तिघांत एकही वेगळं बोलत असेल तर चाक परत लावा आणि आधी उत्तर शोधा.

सगळं झाल्यावर किल्ली फिरवण्याची घाई होते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पॅडलची पहिली दाब थेट तळाला जाते. जागेवरच, गाडी न हलवता, पॅडल कडक होईपर्यंत मारा. मग इंजिन सुरू करून पुन्हा दाबा, मिनिटभर धरून ठेवा, आणि दुसऱ्याने चारही चाकांमागे टॉर्च मारून बघावं, कुठे थेंब तर नाही. मग रिकामं पटांगण, ताशी वीसचा वेग, दहा-बारा वेळा थांबणं. गाडी सरळ थांबते का बघा. उतरून चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या, स्पर्श न करता. डावं-उजवं सारखंच गरम लागलं पाहिजे. त्यानंतर आठवडाभर गल्लीतल्या रस्त्यावर चालवा आणि रोज सकाळी टाकीची पातळी बघा. ती खाली गेली नाही तरच रिंग रोड. मुलं त्यानंतर.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, सकाळी अकरा ते चार बाहेरच्या कामाला इथे कायद्यानेच बंदी असते. तुम्हाला सुट्टीच्या दिवशी कुणी पकडणार नाही, पण ती बंदी का आहे ते पाना हातात धरल्यावर कळेल.

या गाडीचा पार्किंग ब्रेक पायाने लावायचा असतो आणि त्याचे छोटे लायनर मागच्या डिस्कच्या पोटात लपलेले असतात. ते कसे तपासायचे, ते पुढच्या भागात. तोवर तुमच्याकडच्या जुन्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि दुखणं कळवत राहा. नमस्कार.